सात डबे आणि एक ताणकाटा : इन्सुलिन बिघडलेल्या घोडीच्या आहाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

मैना (नाव बदललं आहे) ही १७ वर्षांची, तट्टाच्या वाणाची बुटकी घोडी. आठवड्यातून दोन-तीनदा हलकी रपेट, एरवी पागेतच. मालकीणबाई जिवापाड जपणाऱ्या, मोतद्दार जुना आणि हाताचा चांगला. असली तट्टं वारा पिऊन जाडी होतात असं पागेत गमतीनं म्हणतात. त्यात तथ्य आहे. जिथे चारा बेताचाच, अशा मुलखात पिढ्यान्‌पिढ्या तगलेल्या वाणाचं शरीर मिळेल तो घास साठवून ठेवतं.

मला बोलावलं ते हिवाळा सरताना, "चार दिवस पाय टाकत नाहीये" म्हणून. पाहिलं तर मैना पुढचे पाय पुढे काढून, सगळा भार मागे टाकून उभी. वळवायला गेलं की जागच्या जागी चुळबुळ करत, तापल्या तव्यावर पाय ठेवल्यासारखी फिरायची. खुरामागच्या शिरेवर बोट ठेवलं तर ठोका टणटण लागत होता. निदान उघड होतं, लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड आणि बाहेरचं कवच यांना बांधून ठेवणारे पापुद्रे सुजून सैल पडले होते.

खुरांवरची वलयं मात्र जुनी गोष्ट सांगत होती. ती पुढे चिकटून आणि टाचेकडे फाकलेली होती. म्हणजे हे पहिल्यांदा घडत नव्हतं. आधीचे सौम्य झटके कुणाच्या ध्यानात आले नव्हते, इतकंच.

वजनाचा काटा नव्हता, म्हणून टेप लावली. छातीचा घेर १७६ सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १५८. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, उत्तर ४१२ किलो. तिच्या हाडापेराला ३५० शोभलं असतं. शरीराच्या अवस्थेला १ (हाडकं) ते ९ (अतिलठ्ठ) च्या पट्टीवर मी ८ दिले. मानेवरची चरबीची वळी मुठीत घेतली तर मूठ भरून जायची, आणि बाजूला ढकलली तर हलायची नाही. शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे गाद्या होत्या.

अडचण, आणि माझी पहिली चूक

एक्स-रेत हाड किंचित फिरलेलं दिसलं. वेदनाशामक, सक्तीची विश्रांती, ठाणात जाड अंथरूण, आणि नालबंदाकडून खुरांची पुढची टोकं तासून मागे घेणं, हे सगळं रीतसर झालं. कारण शोधायला रक्त घ्यायचं ठरलं. मी सांगितलं, "रात्रभर उपाशी ठेवा, सकाळी येतो." इन्सुलिन १४ मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर निघालं (पुढचे इन्सुलिनचे आकडे याच मापात), साखर ठीक. मालकीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मीही.

इथेच फसलो. माणसाच्या मधुमेहाचं गणित डोक्यात ठेवून घोड्याकडे पाहिलं की असं होतं. बहुतेक अशा घोड्यांची रक्तातली साखर वाढत नाही. ती ताब्यात ठेवायला शरीर इन्सुलिनचा पूर सोडतं, आणि खुराला बाधतं ते हे इन्सुलिनच. २००७ साली निरोगी तट्टांना साखर स्थिर ठेवून शिरेतून सतत इन्सुलिन दिलं गेलं, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. हा पूर येतो खाल्ल्यावर. रात्रभर उपाशी ठेवून मी तो स्वतःच ओसरवला आणि मग नदी कोरडी आहे असा दाखला दिला.

सहा आठवड्यांनी दुसरा झटका आला, पहिल्यापेक्षा जोरात.

वेदना आणि ताण यांनीही इन्सुलिन वर जातं, म्हणून ती शांत झाल्यावर तोंडावाटे साखरेची चाचणी केली. मक्याचं सिरप, किलोमागे ०.१५ मिलिलिटर, म्हणजे तिच्या वजनाला ६२ मिलिलिटर, पिचकारीनं तोंडात. पाऊण तास नाही, सव्वा तासानं रक्त. या मात्रेला इन्सुलिन ४५ च्या वर गेलं तर बिघाड मानतात. मैनाचं ११८ आलं.

याच वेळी पिट्युटरी ग्रंथीच्या बिघाडासाठी, ज्याला पागेत सरसकट 'कुशिंग' म्हणतात, एसीटीएच हे त्या ग्रंथीचं संप्रेरकही मोजलं. ते संदिग्ध पट्ट्यात आलं. 'नुकत्याच दुखण्यातून उठली आहे, नंतर पाहू' असं म्हणून मी ते बाजूला ठेवलं. या 'नंतर'कडे पुढे येतोच.

सात डबे

आहाराची चौकशी केली तेव्हा मालकीणबाईंनी मला खोगिरांच्या खोलीत नेलं. फळीवर सात डबे ओळीत होते: मॅग्नेशियम-क्रोमियमची 'मेटाबॉलिक' भुकटी, बायोटिनची खुरांची भुकटी, मल्टिव्हिटॅमिन, दालचिनीचं हर्बल मिश्रण, सांध्यांची भुकटी, लोहाचं टॉनिक, आणि 'तकाकीसाठी' आणखी एक. प्रत्येकाचा चमचा वेगळा, भिंतीवर तक्ता, त्यात रोजच्या खुणा. एवढी शिस्त मी माणसांच्या दवाखान्यातही क्वचितच पाहिली आहे.

"आणि हे खाते कशात?"

"नुसतं नाकानं बाजूला सारते हो. मळीचा कोंडा अर्धा किलो भिजवला की चाटूनपुसून खाते."

म्हणजे इन्सुलिन उतरवायची भुकटी रोज दोन वेळा मळी घातलेल्या कोंड्यातून पोटात जात होती. मी हसलो नाही. यात मूर्खपणा कुठेच नव्हता. डब्यावर मात्रा छापलेली असते, कोंड्यावर काहीच छापलेलं नसतं, म्हणून माणूस डबा मोजतो आणि कोंडा हातानं घालतो.

मग मोतद्दाराला विचारलं, "मामा, गवत किती?"

"दोन कवळे सकाळी, दोन संध्याकाळी. आणि मागेल तसं."

ताणकाट्याला जाळं अडकवून त्याचे कवळे मोजले. दिवसाचे साडेनऊ किलो भरले. मामा दोनदा काटा झटकून पाहत राहिला, तो बिघडला असावा म्हणून. वर एक किलो मळीची चंदी दोन वेळा (त्या भिजवलेल्या कोंड्यासकट), आणि संध्याकाळी तीन तास कुरण. 'तीनच तास' हा शब्दही फसवा आहे. वेळ मोजून सोडलेली तट्टं मान वर न करता चरतात आणि त्या तीन तासांत दिवसभराच्या चाऱ्याचा मोठा वाटा उरकतात.

गवताच्या बारा गठ्ठ्यांतून सळईनं नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवले. कोरड्या वजनावर साखर आणि स्टार्च मिळून १७.५ टक्के आले. अशा घोड्यासाठी हे १० ते १२ टक्क्यांच्या खाली हवं. कागदावर हिशेब मांडला. साडेनऊ किलो गवतातलं पाणी वजा जाता साडेआठ किलो उरतं, त्यातून दीड किलो साखर-स्टार्च. चंदीतून आणखी पाऊण किलोच्या आसपास. कुरण धरलेलंच नाही. आणि सातही डब्यांची मिळून भुकटी रोज दीडशे ग्रॅम. मालकीणबाई त्या कागदाकडे बराच वेळ पाहत होत्या.

पर्याय काय होते

पहिला पर्याय पागेतल्याच एका अनुभवी स्वारानं सुचवला, चारा तोडा, आठ दिवसांत वठणीवर येते. घोड्याच्या बाबतीत, त्यातही जाड्या तट्टांच्या आणि गाढवांच्या बाबतीत, हा जिवावरचा खेळ आहे. अचानक उपास घडला की शरीर चरबी वितळवून रक्तात सोडतं, यकृताला ती पेलत नाही, रक्ताचं पाणी दुधाळ दिसू लागतं आणि घोडा हातचा जातो. शिवाय रिकामं पोट म्हणजे जठरात व्रण. हा पर्याय मी तिथल्या तिथे खोडला.

दुसरा पर्याय औषधांचा. माणसाच्या मधुमेहातली कॅनाग्लिफ्लोझिन, अर्टुग्लिफ्लोझिन ही औषधं घोड्यांत इन्सुलिन झपाट्यानं उतरवतात. त्यांचा वापर नोंदणीबाहेरचा असतो आणि रक्तातल्या ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे चरबीवर, लक्ष ठेवावं लागतं. वजन उतरवण्यासाठी थायरॉइडची गोळीही देतात. मी ही औषधं राखून ठेवली. वेदना आटोक्यात होती, आणि आहाराला अजून एकदाही खरी संधी मिळाली नव्हती.

तिसरा पर्याय मालकीणबाईंच्या मनात होता, 'मेटाबॉलिक' भुकटी बदलून दुसरी, जास्त महाग. यावर आमचं बोलणं लांबलं. लॅमिनायटिस झालेल्या जाड्या घोड्यांवर मॅग्नेशियम-क्रोमियमची रीतसर चाचणी झालेली आहे आणि त्यात इन्सुलिनला किंवा मापांना काही फरक पडला नाही, हे मी सांगितलं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता: "डबा बंद केला आणि ती पुन्हा लंगडली, तर मी स्वतःला काय सांगू?" याला आकड्यांत उत्तर नसतं. एकेक डबा दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं बंद करायचा असं ठरलं. लोहाचं टॉनिक आणि मळीचा कोंडा मात्र त्याच दिवशी बंद.

काय केलं

कुरण बंद, चंदी बंद. गवत सध्याच्या वजनाच्या दीड टक्का, कोरड्या हिशेबानं ६.२ किलो, म्हणजे काट्यावर ६.९ किलो. तोलायचं भिजवण्याआधी. ओलं तोललं तर घोडा पाणीच खातो. बारीक भोकांची जाळी एकात एक घालून हे गवत दिवसातून पाच वेळा टांगायचं, रात्रीची जाळी सगळ्यात मोठी.

गवत गार पाण्यात तासभर भिजवून, पाणी फेकून द्यायला सांगितलं. भिजवलेल्याचा नमुना पुन्हा तपासला तर १७.५ चे १३.१ झाले होते. उतरलं, पण पुरेसं नाही. मग रात्रभर भिजवून पाहिलं. दिवस उन्हाचे होते, सकाळी जाळं उघडलं की आंबूस वास, पाण्यावर फेस. मैनानं तोंड फिरवलं. जास्त भिजवण्यात खनिजंही वाहून जातात आणि जंतू वाढतात, म्हणून तो नाद सोडला आणि दुसरं गवत शोधायचं ठरवलं.

इथे एक फेरी फुकट गेली. पिवळट, जाड काड्यांचं, दिसायलाच निकस असं गवत उत्साहानं आणलं. तपासलं, १६ टक्के. डोळ्यांनी साखर दिसत नाही, हे मला पाठ होतं, तरी मी पाहून निवडलं. तिसरा लॉट मात्र आधी तपासून घेतला, ९.८ टक्के. तेव्हापासून भिजवणं थांबलं.

आता डब्यांची पाळी. पूरक काय द्यायचं हे गवताच्या अहवालानं ठरवलं. त्यात किलोमागे लोह २९० मिलिग्रॅम होतं आणि गरज ४० ची. टॉनिकला काही अर्थच नव्हता. उलट तांबं ६ (हवं १०) आणि जस्त २१ (हवं ४०). सात डब्यांपैकी एकातही हे दोन्ही पुरेसे नव्हते. सेलेनियम मात्र तीन डब्यांत निघालं, बेरीज रोज साडेतीन मिलिग्रॅम, गरज एकच्या आसपास. विषबाधेची पातळी नव्हती, पण सेलेनियम जास्त झालं की आयाळ-शेपूट झडते आणि खुरं फुटतात, आणि हिच्या खुरांचे हाल आधीच कमी नव्हते.

शेवटी राहिलं ते असं: तांबं-जस्ताचं साधं मिश्रण, वाळल्या गवतात टिकत नाही म्हणून ८०० युनिट ई जीवनसत्त्व, चमचाभर मोठं मीठ, नुसतं बायोटिन, आणि पाठीचं मांस उतरू नये म्हणून २०० ग्रॅम सोयाबीनची पेंड. हे सगळं मूठभर बिनमळीच्या, भिजवलेल्या बीटच्या चोथ्यात. पहिले तीन दिवस तिनं तोबऱ्यात फुरफुरून सगळं भिंतीवर उडवलं. चौथ्या दिवशी खाल्लं.

वजन हलेना

आठवड्याला अर्धा ते एक टक्का, म्हणजे दोन ते चार किलो उतरायला हवे होते. टेप दर सोमवारी, त्याच वेळी, मामाच लावायचा. सहा आठवड्यांनी वजन ४०८. सगळ्यांची तोंडं उतरली. अशा वेळी पहिली शंका माणसांवर जाते. कोण चोरून गाजरं देतंय, यावरून पागेत थोडी धुसफुसही झाली.

उत्तर सापडलं ते एका पहाटे. मी लवकर गेलो होतो. जाळं रिकामं, आणि मैना मान खाली घालून मन लावून ठाणातलं अंथरूण खात होती. गव्हाचा पेंढा. जाड अंथरूण घाला हे मीच सांगितलं होतं, कशाचं ते सांगितलं नव्हतं. मामानं नेहमीचा पेंढा दुप्पट घातला होता. पेंढ्यात साखर कमी असली तरी पोट भरतं, आणि जास्त झाला तर आतडं तुंबतं. त्याच दिवशी लाकडाचा भुसा टाकला. गाजरवाल्या संशयिताची माफी मी मागितली.

त्यानंतर वजन हलू लागलं. दहाव्या आठवड्याला साखरेच्या चाचणीत इन्सुलिन ८२, अठराव्याला वजन ३८१. ती बारा आठवडे लंगडली नव्हती, वेदनाशामकही कधीच सुटलं होतं, म्हणून मऊ जमिनीवर हातात धरून दहा मिनिटं चालवणं सुरू केलं आणि हळूहळू अर्ध्या तासावर नेलं, आठवड्याचे पाच दिवस.

'नंतर पाहू'चं बिल

पण अठराव्या आठवड्याची इन्सुलिनची चाचणी ७६ आली. वजन उतरतंय, गवत ठीक, मग आकडा का अडला? मामानं खरारा करता करता सहज म्हटलं, "यंदा हिची लव गळलीच नाही पुरती." पोटाखाली आणि जबड्याखाली लांब, राठ केस तसेच होते. पाठीचा कणा वर आला होता, जे मी वजन उतरल्याच्या खात्यात टाकलं होतं.

दिवस लहान होऊ लागले की एसीटीएच सगळ्याच घोड्यांत वर जातं, म्हणून त्या ऋतूचीच पट्टी लावून वाचावं लागतं. मैनाचं त्या पट्टीच्याही बरंच वर होतं. दोन रोग एका घोडीत, आणि दुसरा पहिल्याला खतपाणी घालणारा. पिट्युटरीच्या बिघाडावरचं औषध, पर्गोलाइड, सुरू केलं. किलोमागे २ मायक्रोग्रॅम धरलं तर पाऊण मिलिग्रॅम होतं. मी १ मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीपासून सुरुवात केली. गोळी कुटायची नाही हे बजावलं, तिची धूळ देणाऱ्याला बाधते. पाचव्या दिवशी तिनं गवत अर्धं टाकलं. या औषधानं भूक मंदावते, आणि बेताच्या आहारावरच्या जाड्या तट्टानं खाणं सोडणं म्हणजे तोच दुधाळ रक्ताचा धोका. त्याच दुपारी ट्रायग्लिसराइड तपासलं, जरासं वर होतं, घाबरण्यासारखं नव्हतं. दोन दिवस गोळी थांबवली, पाव गोळीपासून परत चढलो, तीन आठवड्यांत पूर्ण गोळीवर आलो.

आज पुन्हा केलं तर

उपाशीपोटीचं इन्सुलिन घेणार नाही. पहिल्याच भेटीत गवत पुढ्यात ठेवून नमुना घेईन, किंवा वेदना शमली की थेट साखरेची चाचणी. सहा आठवडे आणि एक झटका वाचला असता. १५ वर्षांपुढच्या घोडीत एसीटीएच संदिग्ध आलं तर महिनाभरात पुन्हा पाहीन, वजनाच्या यशानं सुखावून बसणार नाही.

औषधाबद्दल माझं मन पूर्ण ठरलेलं नाही. ११८ चा आकडा, महिन्या-दीड महिन्यात दोन झटके, फिरलेलं हाड, हे पाहता आज मी कॅनाग्लिफ्लोझिन कदाचित पहिल्याच महिन्यात सुरू केलं असतं आणि आहाराला त्याच्या आडोशानं वेळ दिला असता. मैनाचं निभावलं. तिसरा झटका आला असता तर माझ्या 'राखून ठेवण्या'चं समर्थन करणं अवघड होतं.

डबे हळूहळू बंद करण्यावर एका सहकाऱ्यानं टीका केली, सगळे एकदम का नाही काढले? वैद्यकीयदृष्ट्या त्याचं बरोबर आहे. पण पाच वेळा जाळी टांगणं, दर सोमवारी टेप, गवताची तपासणी, हे सगळं मालकीणबाईंना करायचं होतं, मला नाही. त्यांच्या शिस्तीला डब्यांवरून काट्यावर आणायला मधे थोडा वेळ लागणारच होता.

सध्याची स्थिती

तिसाव्या आठवड्याला वजन ३५६, अवस्था ६, मानेची वळी मऊ, हलवली की डोलते. एसीटीएच पट्टीत, साखरेच्या चाचणीत इन्सुलिन ४१. खुराचा नवा, बिनवलयाचा भाग दोन तृतीयांश खाली उतरला आहे. मऊ मैदानात हलकी दुडकी चालू आहे. कुरणाला मात्र मुसकं बांधून, सूर्य वर यायच्या आत तासभर, आणि रात्री कडक थंडी पडली असेल तर तेही नाही, कारण अशा रात्री गवतातली साखर खर्च होत नाही. मुसकं बांधलं की ती पहिली दहा मिनिटं कुंपणाशी पाठ करून रुसून उभी राहते.

खोगिरांच्या खोलीतल्या फळीवर आता दोन डबे आणि एक बायोटिनची पुडी आहे. भिंतीवरचा तक्ता तोच, रकाने बदललेले. गेल्या आठवड्यात गवताचा नवा लॉट आला. नमुना गेला आहे, अहवाल यायचा आहे. तोवर मामा जुन्या सवयीनं तासभर भिजवतोय, तोलून.